चौदा टेबलं आणि एक बाक

मात्सुए गावात तुम्हाला कोणी ‘नाही’ म्हणत नाही, आणि त्यापायी माझा निम्मा जन्म वाया गेला आहे.

आमचा धंदा टेबलं, खुर्च्या आणि तंबू भाड्याने देण्याचा. आजोबांनी सुरू केला, वडिलांनी वाढवला, मी ओढते आहे. दुकानात गिऱ्हाईक येतं, चहा पितं, तळ्यावरच्या धुक्याबद्दल बोलतं, माझ्या गुडघ्याची चौकशी करतं आणि खुर्च्या किती हव्यात ते काही सांगत नाही. फारच खोदून विचारलं तर म्हणतं, “तुम्हाला त्रास होणार नाही तेवढ्या.” त्रास होऊ नये असं वाटत असेल तर एकही नेऊ नका ना. माझी आई हिरोशिमाची होती, तिकडची माणसं तोंडावर बोलतात, तिच्याकडून मला ही जीभ मिळाली. गावात माझं नाव घेताना लोक जरासे हसतात. हसू देत.

उन्हाळ्यात दातांचे डॉक्टर कुरुमिझावा दुकानात आले. त्यांनीही आधी धुकं आणि गुडघा उरकला. मग कळलं की गावाबाहेरची प्राथमिक शाळा मुलांअभावी बंद पडली होती, तिचा खेळाचा हॉल नगरपालिकेने त्यांना नोव्हेंबरात द्यायचं कबूल केलं होतं. तिथे त्यांना जुन्या व्हिडिओ गेमचं प्रदर्शन भरवायचं होतं. त्यांना धरून आसपासच्या चौदा लोकांनी आपापला संग्रह मांडायचा आणि येणाऱ्याने बसून मनसोक्त खेळायचं, काचेच्या कपाटात काही ठेवायचं नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यावरचा अख्खा मजला असल्या खोक्यांनी भरलेला आहे हे गावाला माहीत होतं. बायको त्यावरून बोलते हेही माहीत होतं.

“टेबलं तर तुमचीच घेऊ, फुसाए-सान,” डॉक्टर म्हणाले, “पण मांडणीही तुम्ही बघितलीत तर… म्हणजे तुम्हाला सवड असली तरच.”

सवड अजिबात नव्हती. मी हो म्हटलं ते सेइगोसाठी.

सेइगो माझा नवरा, आणि आमचा घरजावई. लग्नात त्याने आमचं निशिवाकी आडनाव घेतलं आणि आमच्या घरात राहायला आला. जन्म रेल्वेच्या तिकीट खिडकीत गेला. मुळात भिडस्त, त्यात घरजावई, त्यात खिडकीची नोकरी. म्हणजे पाऊस आला तरी हा प्रवाशांची माफी मागणार. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात खांद्यापासून लोंबतो, उजवा पाय आधाराच्या पट्टीत घालून काठीने चालतो. वाचा मात्र शाबूत राहिली, आणि त्या वाचेने तो दिवसभर माझी माफी मागतो. सदऱ्याचं बटण लावलं की माफ कर. माशाचे काटे काढून दिले की माफ कर. पांघरूण सारखं केलं की झोपेतसुद्धा माफ कर.

सुरुवातीला मी “अरे त्यात काय” म्हणायचे. मग नुसती हुं करायला लागले. अलीकडे भांडी आपटते. चिडते म्हणून आपटते असं त्याला वाटतं, आणि मग तो त्याचीही माफी मागतो. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो माणूस आता घरात पाहुण्यासारखा राहतो, आणि पाहुणा म्हटला की कधी ना कधी तो उठून जायचाच.

त्याचं एक टेबल आहे. स्टेशनसमोरच्या कॉफीच्या दुकानात पूर्वी काचेची टेबलं असायची, काचेखाली पडदा आणि कडेला दांडा व बटण. कॉफीचा कप कडेला सरकवून लोक त्यावर विमानांची लढाई खेळायचे. सेइगो ड्युटी संपली की तिथे बसायचा. दुकान बंद झालं तेव्हा त्याने ते टेबल घरी आणलं आणि माझ्या गोदामात झाकून ठेवलं. एक दिवस संध्याकाळी मी गोदामात गेले, तर झाकण काढून हा एकटा खेळत बसलेला. दांडा डावीकडे असतो, त्यामुळे विमान हलवता येतं. गोळी झाडायचं बटण उजवीकडे. तो नुसता विमान इकडेतिकडे पळवून जीव वाचवत होता, समोरून शत्रू येतच होते.

“बराच वेळ टिकलो,” मला बघून म्हणाला. “माफ कर, विजेचं बिल…”

मी एक स्टूल ओढलं, त्याच्या उजव्या बाजूला बसले आणि म्हटलं, “मी दाबते. तू सांग.”

पण सांगायचं कसं? “माफ कर, फुसाए, जरा दाबतेस का?” एवढं वाक्य पुरं होईपर्यंत विमान केव्हाच फुटलेलं असायचं. मी म्हटलं, अरे नुसतं ‘दाब’ म्हण. तो हो म्हणाला. पुढच्या विमानाला म्हणाला, “तुला चालणार असेल तर दाब.” अशी आमची तालीम. पहिली पातळीसुद्धा आम्ही कधी ओलांडली नाही.

डॉक्टर दुकानातून गेल्यावर आतल्या खोलीतून सेइगो काठी टेकत आला. दाराशी उभा राहिला, पडद्याची किनार चाचपत राहिला. “ते आपलं टेबल,” शेवटी म्हणाला, “तिथे नेता आलं तर… लोकांसमोर एकदा खेळावंसं वाटतं. कोणाची अडचण होणार नसेल तर.”

दोन वर्षांत या माणसाने काही म्हणून मागितलं नव्हतं. जेवायला काय करू विचारलं तरी “तुला सोपं पडेल ते” म्हणणारा. मी त्याला म्हटलं, नेऊ. आणि मनात म्हटलं, आता त्या हॉलची भिंत पाडावी लागली तरी नेणार.

स्टुलावर तो बसू शकत नाही, उजवीकडे कलंडतो. त्याला हाताचा आधार असलेला बाक लागतो, आणि मी शेजारी बसणार म्हणजे दोघांचा. माझ्या गोदामात तसा एकच बाक आहे. त्याच्याच रेल्वेच्या जुन्या प्रतीक्षालयातला, दोन्ही कडांना आणि मधोमध लोखंडी हात असलेला. तेव्हा ठरलं, टेबल, त्यापुढे तो बाक, आणि बाकावर आम्ही दोघं. एवढी जागा मला त्या हॉलमध्ये हवी होती, बाकी तिथे काय वाटेल ते मांडा.

मग बैठका सुरू झाल्या. दवाखाना बंद असेल त्या दिवशी, पेशंट बसतात त्या खोलीत. डॉक्टर, मी, आणि वायरिंगचं बघणारा ओझेकी. ओझेकी शाळेत माझ्या मागच्या वर्गात होता, अजून मला ताई म्हणतो. आधी डॉक्टरीणबाई घोटलेला हिरवा चहा आणि पानाच्या आकाराची मिठाई आणायच्या. मिठाईचं कौतुक, वाडग्याचं कौतुक, वाडगं कोणाच्या भट्टीतलं त्याची चर्चा. तोपर्यंत माझा पाय बधिर झालेला असायचा.

पहिलं त्रांगडं टीव्हीचं. जुने खेळ जुन्या खोक्यासारख्या टीव्हीवरच दिसायला हवेत असा डॉक्टरांचा हट्ट. सभेला वापरतात ती आमची टेबलं लांब पण अरुंद, टीव्ही खोल.

“डॉक्टर, टीव्ही टेबलावर मावत नाही.”

“मावत नाही असं नाही म्हणता येणार,” डॉक्टर म्हणाले. “थोडासा बाहेर येईल इतकंच.”

“कुठल्या बाजूने?”

“मागच्या.”

“मागे भिंत आहे. भिंतीत घालायचा का?”

ओझेकीने तोंडापुढे चहाचं वाडगं धरलं. डॉक्टर म्हणाले, “तुमचं बरोबरच आहे,” आणि विषय तिथेच राहिला. पुढच्या बैठकीत त्यांनी तोच नकाशा पुन्हा उलगडला. शेवटी मीच सुताराकडून टेबलांवर टाकायला रुंद फळ्या कापून आणल्या.

मग बसायचं काय. कोणीतरी पत्र पाठवून सुचवलं होतं की खुर्च्या नकोत, चटया आणि उशा घालू, लहानपणी आपण जमिनीवर बसूनच खेळायचो. डॉक्टरांना ते फार आवडलं.

“लहानपणी गुडघेही लहानपणीचे होते,” मी म्हटलं. “बसतील सगळे. उठवायला क्रेन मी देणार नाही.”

“विचार करण्यासारखं आहे,” डॉक्टर म्हणाले, म्हणजे ते चटयाच घालणार होते. तेव्हा मी त्यांना तिथल्या तिथे मांडी घालून बसायला लावलं आणि वाडगं संपेपर्यंत उठू दिलं नाही. उठताना त्यांनी ओझेकीचा खांदा धरला. खुर्च्या ठरल्या. लाकडी जमिनीवर ओरखडे नकोत म्हणून नगरपालिकेने सांगितलं की प्रत्येक खुर्चीच्या आणि टेबलाच्या पायाला टेनिसचा चेंडू कापून चढवा. ते काम अर्थातच माझ्याकडे. बोटांना फोड आले.

आणि जागा कोणाला कुठे? चौदाही जणांना विचारलं. चौदाही जणांनी कळवलं, “कुठेही चालेल.” कुठेही चालेल म्हणणाऱ्या माणसासारखा अवघड माणूस नाही. त्याला संडासाशेजारी दिलं की तो “वा, सोयीचं आहे” म्हणतो आणि जन्मभर लक्षात ठेवतो. शेवटी मी नावांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि रडारड मिटवली.

मांडणीची मुख्य अडचण अशी होती की हॉलच्या एकाच लांब भिंतीवर चालू प्लगपॉइंट होते. समोरच्या भिंतीवर कसरतीच्या शिड्या ठोकलेल्या, आणि मधोमध वायरी टाकायला बंदी. म्हणजे सगळं एका रांगेत, दारापासून स्टेजपर्यंत. स्टेजजवळ आपत्कालीन दार, त्यापुढे अग्निशमनवाल्यांनी पिवळी पट्टी मारून ठेवलेली, तिच्यावर काडी ठेवायची नाही. मी मोजून आखलं. दारापासून चौदा टेबलं एकमेकांना चिकटून, त्यानंतर सेइगोचं काचेचं टेबल आणि बाक, आणि लगेच पिवळी पट्टी. घट्ट बसत होतं, पण बसत होतं.

शेवटच्या बैठकीला चौदाही जण आले. मी नकाशा भिंतीवर लावला आणि हातातल्या पेन्सिलीने एकेका टेबलावर टकटक करत सांगितलं, “टेबलाला टेबल चिकटून. मध्ये फट नाही. कळलं?” सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्याकडे मान हलवली म्हणजे एवढंच की ऐकू आलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या माणसांनी टेबलं लावली. मी स्वतः जाऊन पाहिली, कडेला कड टेकलेली. मग संग्राहक आपापली खोकी घेऊन यायला लागले आणि मी ओझेकीला घेऊन घरी गेले, कारण काचेचं टेबल, बाक आणि सेइगो, तिन्ही आणायचे होते. सेइगोने इस्त्रीचा सदरा घातला होता. टायसुद्धा लावून मागितला. गाडीत पूर्ण वेळ डाव्या हाताने मांडीवर दांडा हलवल्यासारखं करत होता. मला हसू येत होतं आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

हॉलमध्ये पोचलो. दाराशी बूट काढले, ओझेकीने आणि माझ्या माणसाने बाक उचलला, मी पुढे झाले. स्टेजच्या टोकाला गेले आणि थांबले.

जागा नव्हती. चौदावं टेबल आणि पिवळी पट्टी यांच्यामध्ये काचेचं टेबल आणि एखादं स्टूल कसंबसं राहील एवढीच फट, बाक नाही. मला आधी वाटलं, माझंच मोजमाप चुकलं. मी रांगेच्या कडेने मागे चालत गेले. तेराव्या आणि चौदाव्या टेबलामध्ये फट होती. मी त्यात मूठ घालून बघितली. बरोबर बसली. बाराव्या आणि तेराव्यात घातली, तिथेही बसली. अशी मी दारापर्यंत मूठ घालत गेले. प्रत्येक दोन टेबलांमध्ये एकेक मूठ, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही.

दारापाशी दुसऱ्या टेबलावर एक निवृत्त शाळामास्तर खेळांच्या डब्या मांडत होते. मी त्यांना विचारलं, “हे टेबल तुम्ही हलवलंत?”

“माफ करा,” ते ताडकन उभे राहिले. “अगदी डॉक्टरांच्या टेबलाला खेटून होतं. त्यांच्या अंगावर रेलल्यासारखं दिसत होतं. म्हणून मी जरासं, एक मूठभर…”

मग तिसरा. मास्तर सरकल्यावर टेबलं पुन्हा खेटली, म्हणून तोही एक मूठ सरकला, मास्तरांना कोपर लागू नये म्हणून. चौथा तिसऱ्यासाठी. असा एकमेकांना त्रास न देण्याचा कार्यक्रम दारापासून स्टेजपर्यंत चालत गेला होता. कोणीही स्वतःसाठी काही घेतलं नव्हतं. सगळ्यांनी शेजाऱ्याला दिलं होतं, आणि ते सगळं देणं सेइगोच्या जागेतून गेलं होतं.

शेवटच्या टेबलावर ताबाता नावाच्या बाई होत्या, तळहाताएवढे बॅटरीवरचे खेळ आणणाऱ्या. बाक बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “मी माझं टेबल काढून घेते,” त्या म्हणाल्या. “माझे खेळ लहान आहेत. मी मांडीवर घेऊन बसेन. माफ करा.”

“छे छे, मी काढतो,” तेरावा म्हणाला. “माझं यंत्र नाहीतरी नीट चालत नाही.”

“माझंच काढा, माफ करा,” बारावा.

तेवढ्यात डॉक्टर धावत आले, मोज्यांवर घसरत. “कोणी काढू नका. चूक आयोजकाची. माझं टेबल बाहेर घेतो, मी दाराशी उभा राहून लोकांचं स्वागत करतो.” आणि खरोखरच आपल्या टीव्हीची वायर काढायला लागले. मास्तर त्यांच्या हातातून वायर ओढून घ्यायला लागले. जो तो आपलं टेबल गुंडाळायला निघाला, जो तो दुसऱ्याला थोपवत होता, सगळे वाकत होते. एक मूठ मागे सरकावं, एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात येत नव्हती. सरकायचं म्हणजे शेजाऱ्याला ‘सरका’ म्हणायचं, आणि ते म्हणणार कोण. मी कपाळाला हात लावला. बाक हातात धरून ओझेकी घामाघूम झाला होता.

मग सेइगो बोलला. काठीवर रेलून, जमेल तेवढं वाकून. “कृपा करून कोणी काही हलवू नका. आम्ही टेबल इथे नुसतं ठेवू, एक स्टूल पुरे. ज्यांना खेळायचं ते खेळतील. मला काय, बघायलाही आवडतं.” आणि माझ्याकडे वळून, हळू आवाजात, “माफ कर, फुसाए. तुला उगाच एवढं वाहून आणायला लावलं.”

सगळ्यांना वाटलं प्रश्न सुटला. हॉलभर सुटकेचा श्वास ऐकू आला. डॉक्टरांनी तर “किती समजूतदार” असं म्हणायला तोंडही उघडलं.

मला जे झालं ते त्या ‘माफ कर’ने झालं.

“आता या हॉलमध्ये जो कोणी माफी मागेल,” मी म्हटलं, “त्याचं टेबल मी गाडीत घालून परत नेणार. ऐकलंत? टेबलं माझी आहेत.” माझा आवाज छतापर्यंत गेला असावा. “हा माणूस दोन वर्षं माझी माफी मागतोय. बटणाची, माशाची, पांघरुणाची. मी कंटाळले. मला माफी नको, मला हा बाक लावायचा आहे. दोघांचा बाक, कारण ते एक फुटकळ विमान उडवायला आम्हाला दोघं लागतात. याला लोकांसमोर खेळायचंय. बघायला नाही आवडत याला, खोटं बोलतोय. तुम्ही सगळ्यांनी याची जागा मूठमूठ करून घेतलीत, आणि इतक्या सभ्यपणे घेतलीत की मला धड भांडताही येत नाही. ती परत द्या. सरका.”

कोणी हललं नाही. मोठ्या माणसांना असं तोंडावर ‘सरका’ मी नाही म्हणत, दुकानात हमालालासुद्धा नाही. मास्तरांच्या ओठांवर ‘मा’ आला आणि त्यांनी तो गिळला. सेइगो माझ्याकडे बघतच नव्हता. मानेपर्यंत लाल झाला होता, टायच्या गाठीकडे बघत उभा होता. मला वाटलं, घालवलंस, फुसाए. ज्याच्यासाठी एवढं केलंस त्यालाच चारचौघांत उघडं पाडलंस.

सरकायचं तर दारापासून सुरुवात व्हायला हवी होती, आणि दाराशी डॉक्टरांचं टेबल होतं. डॉक्टरांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग चष्मा वर ढकलला, टेबलाच्या कडेला मांडी लावली आणि ते दाराच्या चौकटीपर्यंत रेटलं. टीव्ही डगमगला. “मास्तर,” ते म्हणाले, आणि त्यांना पुढे काय म्हणायचं ते सुचेना, “मास्तर, या.”

मास्तर आले. कडेला कड लागली. मग तिसरा, चौथा. चेंडू चढवलेले पाय, त्यामुळे फारसा आवाज नाही, नुसतं एकामागून एक फळी टेकल्याचं ठक, ठक. माफी मागायची बंदी असल्यामुळे कोणी काही बोलत नव्हतं, आणि बोलायचं काहीतरी तर हवंच, म्हणून पाचवा सहाव्याला म्हणाला, “हे तुमच्याकडे कुठून आलं? मी वीस वर्षं शोधतोय.” कोपराला कोपर लागल्यावर ते दोघं जे बोलत सुटले ते अजून बोलतायत असं ऐकते. ताबाताबाई सगळ्यात शेवटी सरकल्या. बाक आत गेला. पिवळी पट्टी मोकळी राहिली.

ओझेकीने वायर जोडली. सेइगो बसला, उजवं कोपर मधल्या लोखंडी हातावर टेकवलं. मी त्याच्या उजवीकडे बसले. त्याने अजून माझ्याकडे बघितलं नव्हतं. मी मनात हिशेब करत होते की आता हा महिनाभर बोलणार नाही, की महिनाभर माफी मागत राहील, आणि यातलं काय जास्त वाईट.

काचेखाली पडदा उजळला. लोक बघायला आले. एरवी चार पावलं लांब उभे राहिले असते, पण पडदा काचेखाली आडवा, लांबून काही दिसत नाही, त्यामुळे सगळे आमच्या खांद्यांशी येऊन वाकले. डॉक्टरांचा श्वास मला मानेवर लागत होता. सेइगोने दांडा धरला. विमान निघालं. मी बटणावर बोट ठेवून वाट बघत होते.

शत्रू वरून उतरायला लागले. एक, मग तिघे एकदम.

“फुसाए,” तो म्हणाला.

मी पुढच्या वाक्यासाठी थांबले. चालणार असेल तर, जमलं तर, जरा.

“दाब.”

मी इतकी चकित झाले की दाबलंच नाही. विमान फुटलं.

“दाब म्हटलं ना,” तो म्हणाला. “झोपलीस का?”

चाळीस वर्षांत त्याने मला घरातसुद्धा असं विचारलं नव्हतं, आणि इथे तर अर्धं गाव उभं होतं.

“एवढ्या हळू सांगितल्यावर कळणार कसं मला?” मी म्हटलं.

“मोठ्याने सांगू?”

“सांग.”

मग त्याने सांगितलं. दाब. सोड. दाब, दाब, दाब. आता नको, थांब, थांब म्हणतो ना. दाब. तिकिटाच्या खिडकीतून ज्या आवाजात त्याने लोकांना फलाट सांगितले त्याच्या दुप्पट आवाजात, गळ्याच्या शिरा फुगवून. मी उशिरा दाबलं की ओरडायचा, लवकर दाबलं की ओरडायचा. मीही ओरडत होते, की मला एकच बोट आहे. पहिली पातळी गेली. दुसरी गेली. मास्तर टाळ्या वाजवत होते. तिसऱ्या पातळीत आम्ही मेलो, ती चूक त्याची होती, पण तो अजून मानत नाही.

“पुन्हा,” तो म्हणाला, मला न विचारता.

संध्याकाळी सगळे निघाले तेव्हा दाराशी बुटांची गर्दी झाली. माफी मागायची नसल्यामुळे लोक एकमेकांना “उद्या भेटू” म्हणत होते, आणि ते म्हणतानाही थोडे अडखळत होते. डॉक्टरांनी दाराजवळच्या खुर्चीवर सेइगोला बसवलं. मी खाली बसून त्याच्या उजव्या पायाची पट्टी सरळ केली, वरून बूट चढवला, बुटाचा पट्टा ओढून लावला. आणि सवयीने वाट बघत राहिले. माझे कान आता आपोआप त्या शब्दाकडे लागतात, आणि मी दातओठ खाते.

तो वरून बुटाकडे बघत होता.

“अजून घट्ट,” म्हणाला. “तू नेहमी सैल बांधतेस. चालताना आत पाय हलतो. दोन वर्षं सांगीन सांगीन म्हणतोय.”

मी पट्टा सोडला आणि पुन्हा ओढून लावला.